मारायचं नाही, उचलायचं

माझा उजवा दंड त्यांनी माझ्याच ओढणीनं माझ्या बरगड्यांना बांधला. संध्याकाळची वेळ, वाळूचं मैदान, कडेला खुर्च्या टाकून बसलेली वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांदेखत. कोपराखालचा हात मोकळा, वरचा जखडलेला. म्हणजे बॉल खालून उचलता येईल, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही.

बांधणारे कॉलनीच्या क्लबचे सेक्रेटरी. चिडलेले वगैरे अजिबात नव्हते. दुकानात पुडा बांधतात तसे शांतपणे बांधत होते.

ओढणी जुनी, धुऊन धुऊन बुळबुळीत झालेली. गाठ बसेना. तेव्हा मीच ओढणीचं एक टोक दातात धरलं आणि म्हणाले, "साहेब, घट्ट बांधा. सुटंल नायतर."

हो. मीच म्हणाले.

ती एकोणीस वर्षांची पोरगी आज रस्त्यात भेटली तर तिच्या पाठीत आधी एक धपाटा घालीन, मग बोलेन. मुलीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू एवढी बावळट होतीस?" होते गं बाई. खेळाचं सर्टिफिकेट नाही मिळालं, पण बावळटपणाचं काढलं असतं तर पहिला नंबर माझाच.

माझा गुन्हा काय? त्या संध्याकाळी मी एक बॉल मारला होता. जाळीच्या पलीकडे, कोपऱ्यात, जिथं कुणी नव्हतं तिथं. पॉइंट आमचाच झाला. तरी गुन्हा.

हे समजायला आधी खेळ समजला पाहिजे. वाळूवरचा व्हॉलीबॉल. एका बाजूला दोघीच. तीनदा बॉलला हात लावायचा. पलीकडून आलेला बॉल एकीनं घ्यायचा, दुसरीनं तो जाळीजवळ उंच उचलून द्यायचा, आणि जिनं घेतला होता तिनंच धावत येऊन मारायचा. म्हणजे कधी ही मारते, कधी ती. दोघींनी उचलायचं, दोघींनी मारायचं. खेळाची रीतच तशी आहे. एक मालकीण आणि एक गडी अशी जोडी त्यात बसत नाही.

आमच्या क्लबानं ती बसवली.

आमचं गाव करावे. गावाला खाडी आहे, आणि खाडीला चिखल आहे. बीच कधीच नव्हता. गुडघाभर चिखलात उतरून आमच्या बाया शिंपल्या वेचतात, त्याला कुणी बीच म्हणत नाही. पण नव्वदीच्या शेवटी शेजारच्या सेक्टरात नव्या इमारती झाल्या, केबल आली, आणि केबलवर परदेशातल्या बाया वाळूत खेळताना दिसल्या. सेक्रेटरींच्या मनात भरलं. मग डंपरनं वाळू आणून क्लबाच्या आवारात बीच ओतला. ती वाळू कुठल्या तरी खाडीतून उपसलेली. तिच्यात निम्म्या शिंपल्या. कॉलनीतल्या पोरी अनवाणी उतरल्या आणि पाय कापून घेऊन परत आल्या.

मग गाववाल्यांची आठवण झाली. आम्हाला ते गाववाले म्हणायचे. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, म्हणून कागदोपत्री आम्ही प्रकल्पग्रस्त. आमच्या शेताचा तोवर सेक्टर झाला होता.

मला आणि आईला कामाला लावलं. मोठी लोखंडी चाळण, एका बाजूनं आई, एका बाजूनं मी. वाळू टाकायची, हलवायची, शिंपल्या वेगळ्या करायच्या. अख्खं मैदान आम्ही दोघींनी चाळलं. ते संपलं तर मला वाटलं काम संपलं. पण वाळू खालून पुन्हा शिंपल्या वर आणते. रोज आणते. म्हणजे हे काम संपणारं नव्हतंच. आईच्या बोटांना भेगा पडल्या, त्यात मीठ जायचं. रात्री आई बोटं तोंडात धरून बसायची आणि मी तिच्याकडं बघायचे. ती कशी बसते ते बघायचे नाही. मी तशी बसलेली कशी दिसेन ते बघायचे.

मला ती चाळण हातातून टाकायची होती. बाकी स्वप्नं वगैरे मला नव्हती.

क्लबात शिकवायला एक सर येत. शाळेतून निवृत्त झालेले, पीटीचे. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. माणूस चांगला. कणा जरा कमी. त्यांच्याकडे मुख्य शिकायची ती सेक्रेटरींची मुलगी श्रुती. सतरा वर्षांची, उंच, हातात ताकद. तिच्या जोडीची मुलगी बारावीच्या क्लासला गेली आणि जोडी मोडली.

एकदा बॉल आमच्या चाळणीकडे आला. मी तो धरायला धावले, उडी मारली, वरच्या वर घेतला. सर बघत राहिले.

"पुन्हा मार बघू उडी."

मी मारली.

"वाळूत तुझे पाय रुतत कसे नाहीत गं?"

आता हे काय सांगायचं. चिखलात वाढलेल्या पोरीला विचारायचं, पाय रुतत कसे नाहीत. चिखलात पाऊल सपाट टाकायचं, जवळ जवळ टाकायचं, आणि काढताना आधी टाच. कॉलनीच्या पोरी सिमेंटवर शिकलेल्या. लांब ढांगा टाकत यायच्या, घोट्यापर्यंत रुतायच्या आणि उडी वर जायच्या ऐवजी जाळीत जायची. मी तीन छोटी पावलं टाकायचे आणि सरळ वर.

सरांनी मला सकाळी लवकर बोलवायला सुरुवात केली, वाळू चाळायच्या आधी. पंधरा दिवस. आयुष्यातले ते पंधरा दिवस मी अजून पुरवून पुरवून वापरते. कोपर कानाच्या वर. डावा हात बॉलकडं रोखलेला. बॉल डोक्याच्या जरा पुढं असताना, अगदी टोकाला गाठायचा, आणि मनगट वरून उतरवायचं. कधी जोरात मागच्या रेषेवर. कधी तिरका, जाळीच्या अगदी कडेकडेनं. कधी मारायचं सोंग करून बोटं मिटायची आणि पेरांनी हलकेच पुढं टाकायचा. पलीकडचा माणूस मागं पळालेला असतो आणि बॉल त्याच्या पुढ्यात पडतो. मला हा शेवटचा फार आवडायचा. लबाडीचा आहे म्हणून.

सर म्हणाले, "विभागाची निवड आपल्याच मैदानावर आहे. जिंकलेली जोडी राज्याला खेळते. सर्टिफिकेट मिळतं. पोलीस भरतीत ते बघतात."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. भरती. वर्दी. चाळण नाही.

फॉर्म सेक्रेटरींनी भरला. एका फॉर्मवर दोन ओळी, दोन नावं. पहिल्या ओळीत श्रुतीचं नाव आधीच होतं. दुसऱ्या ओळीवर त्यांनी माझं लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. मी सही केली आणि वाकून त्यांच्या पाया पडले. फॉर्म टेबलावर, पाय टेबलाखाली. पाया पडताना माझं डोकं टेबलावर आपटलं. श्रुतीची आई हसली. मीही हसले. मला वाटलं आम्ही सगळे मिळून हसतोय.

पहिल्याच संध्याकाळी मी तो बॉल मारला आणि ओढणीची वेळ आली.

सेक्रेटरी म्हणाले, "तुला कशासाठी घेतलंय? मारायचं नाही, उचलायचं. मारायला श्रुती आहे. तुझ्या लक्षात राहत नाही, हाताच्या लक्षात राहील."

सर म्हणाले, "साहेब, दोघींनी मारलं तर पलीकडच्यांना कळणार नाही कोण..."

"सर, जोडी श्रुतीची आहे."

सरांनी शिट्टी तोंडात घातली. वाजवली मात्र नाही.

"आणि हिच्याकडेच पहिला बॉल आला तर?" थोड्या वेळानं सरांनी विचारलं.

"तर ही वर घेईल आणि श्रुती दुसऱ्याच हाताला सरळ पलीकडं मारेल. दोन हातात काम होतंय तर तीन कशाला?"

असं ठरलं. पावसाळा संपला होता, तिथपासून थंडी सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी माझा दंड बांधलेला. सुरुवातीला साहेब बांधायचे. मग सरांना सांगायचे. सर नजर दुसरीकडं ठेवून बांधायचे, त्यामुळे गाठ वाकडी यायची. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, कशाला यांना त्रास. घरूनच बांधून जायला लागले. उंबऱ्यात उभी राहायचे, आई मागून गाठ मारायची, आणि मी डुलत डुलत क्लबाला. लग्नाची नवरी सुद्धा एवढ्या हौशीनं बांधून घेत नाही.

हात लांबवता येईना म्हणून मी गुडघ्यांतून उचलायला शिकले. कोपरं अंगाला चिकटलेली, खाली बसायचं आणि सगळं अंग वर न्यायचं. बॉल जाळीपासून हातभर अलीकडे, श्रुतीच्या हाताच्या टोकाला, न फिरता, जसा काही वर खुंटीला टांगलाय. दिवसाला दोनशे वेळा, तीनशे वेळा. श्रुती मारायची. लोक टाळ्या वाजवायचे. मी मान तुकवायचे, त्यांतली एखादी टाळी माझ्यासाठी असेल म्हणून. मग धावत जाऊन बॉल आणायचे.

श्रुती वाईट मुलगी नव्हती. हे मला लिहायलाच हवं. तिला माझं नाव ठाऊक होतं की नाही कोण जाणे, "ए, बॉल" एवढंच म्हणायची. पण खेळायला मेहनती. अडचण एकच. तिला मारायची एकच रीत माहीत. जोरात, सरळ, मागच्या रेषेवर. आमच्याकडे दुपार कलली की खाडीवरचा वारा फिरतो. वारा पाठीवर असला की तिचा बॉल रेषेबाहेर. रोज बाहेर. ती रडकुंडीला यायची.

मी सांगितलं, "ताई, वारा पाठीवर असंल तर जोर काढा. तिरका कापा. तोंडावर असंल तर हाना बिनधास्त, वाराच खाली आनतो."

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी तिला ताई म्हणायचे.

तिनं करून बघितलं. जमलं. पंधरा दिवसांत तिच्या हातात तीन रीती आल्या. मग मी तिचे डोळेही झाले. मारणारीची नजर बॉलवर असते, पलीकडं जागा कुठं रिकामी आहे ते तिला दिसत नाही. उचलणारीनं ते बघून ओरडायचं असतं. मी ओरडायचे, "ताई, तुमच्या डाव्या हाताला जरा मागं जागा हाय बघा."

तोवर बॉल खाली पडलेला असायचा.

सर कपाळाला हात लावायचे. "अगं, पत्र लिहितेस का तिला? एक शब्द. मागं. पुढं. तिरका. बास."

पण ताईला नुसतं 'मागं' कसं म्हणायचं? आमच्या घरात भांडीवाल्यालाही अहोजाहो. आणि ही तर सेक्रेटरींची मुलगी. शेवटी मनावर दगड ठेवून मी ओरडले, "मागं!" श्रुतीनं बरोब्बर मागं मारला. पॉइंट. खुर्चीवरून तिच्या आईचा आवाज आला, "ही श्रुतीवर ओरडते काय? घरी कामाला असती तर दुसऱ्या दिवशी ठेवली नसती."

पुढच्या बॉलला मी पुन्हा पत्र लिहिलं.

मध्ये एकदा संध्याकाळी, कुणी यायच्या आधी, मी सरांना म्हणाले, "सर, हात सोडून दहा बॉल मारू का? कोन नाय आता."

सरांनी कॉलनीच्या खिडक्यांकडे बघितलं. "निवड होऊ दे. मग बघू."

दंड दुखायला लागला होता. झोपेत कूस बदलली तरी कळ यायची. वेणी घालायला हात मागं जाईना, आई घालायची. मी स्वतःला सांगायचे, एवढी निवड होऊ दे. एकदा राज्याचा शर्ट अंगावर आला की हात मोकळा. जशी काही शर्टाला बाही त्यांनी मला विचारून शिवली असती.

निवडीच्या दिवशी ओढणी नव्हती. बाहेरून पंच आलेले, त्यांच्यासमोर कसं बांधणार. साहेब स्वतः जवळ आले आणि माझ्या दंडावर थोपटून म्हणाले, "आज बांधलेलं नाही. पण आहे असं समजायचं. काय?"

"व्हय साहेब."

आमच्यासमोर उरणकडच्या दोघी होत्या. नसीम आणि शबाना, चुलत बहिणी. घरचं लाकडाचं दुकान. पूर्ण बाह्यांचे शर्ट, लांब पँटी, डोक्याला घट्ट रुमाल. खेळताना एकमेकींना शिव्याच द्यायच्या जवळजवळ. "मेलीस काय, पुढं ये." "तूच ये, म्हशी." मी बघतच राहिले. एकही पत्र नाही. आणि दोघीही मारत होत्या. एकदा ही, एकदा ती. पलीकडं बॉल गेला की येणार कुठून तेच कळत नव्हतं.

तरी पहिला सेट आम्ही घेतला. वारा मला कळत होता, श्रुतीला आता तीन रीती येत होत्या. दुसऱ्या सेटमध्ये पाच-सहा पॉइंट झाले आणि नसीम कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली. असं बघितलं की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय. मग ती शबानाला म्हणाली, आवाज कमी न करता म्हणाली:

"ही मारत नाय गो. सगला हिच्यावरच टाक."

झालं. अख्खी कॉलनी दोन महिने बघत होती, सर बघत होते, मी तर मीच होते. आणि त्या पोरीला दहा मिनिटांत कळलं.

त्यानंतर प्रत्येक बॉल माझ्यावर. मी घ्यायचे, श्रुती दुसऱ्या हाताला धावत येऊन मारायची. वेडावाकडा, मागं जाऊन, पडत पडत. दोघी आधीच तयार. मारणारी एकच आहे म्हटल्यावर त्यांना दुसरीकडं बघायचं कारणच उरलं नाही. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात श्रुतीला धाप लागली. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिची मला दया आली, बघा माझी अक्कल. मी मनात म्हणत होते, देवा, ताईच्या पायांत बळ दे. माझ्या हाताचं नाव मी देवाकडंही काढलं नाही.

शेवटचा पॉइंट. त्यांचा बॉल माझ्यावर आला, मी तो उंच घेतला. श्रुती बॉलखाली आली. मारायला तिच्यात उडी उरली नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि तिनं उचलला.

माझ्यासाठी. त्या मैदानावर कुणी पहिल्यांदा माझ्यासाठी उचलला. जाळीपासून हातभर अलीकडे. न फिरता. माझं उचलणं बघून बघून शिकली होती ती.

मला सगळं दिसलं. नसीम मागं उभी, शबाना डावीकडं. पुढचा उजवा कोपरा रिकामा, तिथं वाळू सुद्धा कुणी उडवलेली नव्हती. वारा तोंडावर. तीन पावलं. सपाट, छोटी, टाच आधी. मी वर गेले. अशी उंच मी कधी गेले नव्हते. बॉल माझ्या डोक्याच्या जरा पुढं, अगदी टोकाला.

आणि माझा हात वर गेला नाही.

ओढणी नव्हती. कुणी धरलं नव्हतं. कोपर आपोआप बरगड्यांना चिकटलं. मी हवेत, बॉल हवेत, आणि हात खाली. खाली येता येता मी बॉल दोन्ही हातांवर झेलला आणि अलगद, आदरानं, पलीकडं शबानाच्या पुढ्यात नेऊन दिला. चहाचा कप द्यावा तसा.

तिनं वर घेतला, नसीमनं उचलला, शबानानं मारला. संपलं.

नसीम जाळीखालून हात मिळवायला आली. हात मिळवला. मग माझ्या दंडाकडं बोट दाखवून म्हणाली, "दुखतंय काय गो?" मी मान हलवली, नाही म्हणून. खोटं बोलायची सवयच लागली होती.

सेक्रेटरी आले. श्रुतीच्या खांद्यावर टॉवेल टाकला. पंच, खुर्च्यांवरची माणसं, सगळी होती. साहेब हसून सगळ्यांना म्हणाले, "मी आधीपासून सांगत होतो. आयता दिला तरी मारता येत नाही हिला. ही माणसं उचलायच्याच कामाची." मग माझ्याकडं वळून, त्याच आवाजात, "चल, पुढची मॅच आहे. वाळू सारखी कर."

मी काय केलं? मी गेले आणि वाळू सारखी करायचं दाताळं घेतलं.

तुम्हाला वाटलं असेल आता ही बाई पेटून उठणार. नाही हो. मी दाताळं घेतलं आणि ओढायला लागले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात काम करतायत. मागच्या रेषेकडून सुरुवात केली. पलीकडच्या दोघींच्या पावलांचे ठसे पुसले. श्रुती पडली होती तो खड्डा बुजवला. पुसत पुसत जाळीजवळ आले.

तिथं माझी तीन पावलं होती.

छोटी. सपाट. एकापुढं एक, आणि शेवटची दोन शेजारी शेजारी, खोल, जिथून उडी घेतली ती. सर शिकवताना काठीनं वाळूत जशी काढून दाखवायचे अगदी तशी. एक बोटभरही इकडं तिकडं नाही. मी दाताळं धरून उभी राहिले. बघत राहिले. पायांनी चूक केली नव्हती. डोळ्यांनी केली नव्हती. उडीनं केली नव्हती. खांद्यापर्यंत सगळं बरोबर होतं. खांद्यापासून पुढं जे चुकलं ते मी शिकले नव्हते, ते मला रोज संध्याकाळी शिकवलं होतं. बांधून शिकवलं होतं. आणि शिकवणाराच आता सगळ्यांना सांगत होता की हिला येत नाही.

मी दाताळं पावलांच्या पलीकडं टाकलं.

"काय झालं?" साहेबांनी लांबून विचारलं.

"नाय करनार."

"काय नाही करणार?"

"वाळू नाय करनार. आनि उद्यापासून उचलनार पन नाय."

साहेब चालत आले. तेव्हाही चिडले नाहीत. "नको करूस. मग उद्या येऊ पण नकोस. आईलाही सांग."

आई नळापाशी चाळण धूत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण नळ बंद झाला.

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं दाताळं पुन्हा उचलावं. वाकले सुद्धा असते. पण मधे ती पावलं होती आणि दाताळं त्यांच्या पलीकडं पडलं होतं. पावलं तुडवल्याशिवाय ते घेता येत नव्हतं.

मी सरांकडं गेले. "सर, एक कोरा फॉर्म द्या. पुढच्या वर्षासाठी."

सरांनी साहेबांकडं बघितलं.

"तिकडं नका बघू. माझ्याकडं बघा."

सरांनी पिशवीत हात घातला. फॉर्म दिला. शिट्टी गळ्यात होती, ती मुठीत धरून उभे राहिले. त्यानंतर मी सरांना कधी भेटले नाही.

आई आणि मी बांधावरून घरी निघालो. चाळण क्लबाची, ती तिथंच राहिली, त्यामुळे दोघींचे हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं ते दोघींनाही कळत नव्हतं. अर्ध्या वाटेवर आई थांबली.

"मना वाटला ती शिकवनी हाय," ती म्हणाली. "गाठ मीच मारत व्हते रोज."

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. चालायला लागली, आणि घर येईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

आम्ही दोघी पुन्हा चिखलात उतरलो. ओहोटीला शिंपल्या वेचायच्या, टोपलीत भरायच्या. कॉलनीचं काम गेलं ते गेलंच. एका क्लबातून काढलेल्याला दुसऱ्या दारात कुणी उभं करत नाही. घरात दोन वेळचं एक वेळ झालं. माझे बाबा त्यावरून बोलले ते मी इथं लिहीत नाही. ते चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. भूक त्यांनाही लागत होती.

हात वर जाईना. मी चिखलात उभी राहून रोज वर न्यायचे. कानापर्यंत, मग थांबायचा. कळ कोपरापासून मानेत. बॉल नव्हताच. गावात बायका म्हणायच्या, ही कावळे हाकते. एकीनं आईला देवऋषी बघायला सांगितलं. मी हाकत राहिले.

महिनाभरानं श्रुती आली. बांधाच्या टोकाला उभी, पांढरे बूट, चिखलाला लागू नयेत म्हणून एका दगडावर. मी खाली, गुडघाभर चिखलात.

"ए," ती म्हणाली. मग थांबून तिनं माझं नाव घेतलं. म्हणजे माहीत होतं.

"बाबा म्हणतायत झालं ते झालं. परत ये. नवीन मुलीला उचलता येत नाही. बाबा तुला ड्रेस पण देणार आहेत."

"आनि बांधनार?"

"नाही. बाबा म्हणाले, नाही बांधणार."

तेव्हा माझं मन केवढं धावलं ते मला ठाऊक. भरती, वर्दी, आईची बोटं, माझ्या बाबांचं ताट. धावून श्रुतीच्या बुटांपाशी पोचलं.

"मी पहिला बॉल घेतला," मी म्हणाले, "तर तू माझ्यासाठी उचलशील?"

मी तिला तू म्हणाले. आपसूक. तिच्या लक्षात आलं. तिनं खाली बघितलं, दगडाकडं.

"तू त्या दिवशी उचललास. छान उचललास," मी म्हणाले. "दर वेळी उचलशील?"

ती म्हणाली, "बाबांना विचारते."

ती खोटं बोलली असती तर मी गेले असते. खरंच सांगते. नुसतं 'हो' म्हणाली असती तर मी चिखलाच्या पायांनी तिच्यामागं निघाले असते. पण ती खरं बोलली.

"नको विचारू," मी म्हणाले. "घरी जा."

संध्याकाळी मी पाय धुतले आणि तो कोरा फॉर्म काढला. पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं. माझ्या हातानं, उजव्या, तो कानापर्यंतच जात होता, पण लिहायला तेवढा पुरतो. दुसरी ओळ रिकामी ठेवली. त्या ओळीवर कोण येईल मला माहीत नव्हतं, पण एवढं ठरवलं. उरणची असो, कॉलनीची असो, ताडासारखी असो नाहीतर बुटकी असो. तिचा बाप कोण हे मी विचारणार नाही. तिनं माझ्यासाठी उचलायचं, मी तिच्यासाठी. तिनं मारायचं, मी मारायचं. ज्या पोरीला हे आधी घरी विचारून यावं लागेल, तिच्यासाठी ही ओळ नाही. आणि अशी एकही मिळाली नाही, तर त्या ओळीवर भलतं नाव चढवून मी पुन्हा कुणाच्या मैदानात उतरणार नाही. वर्ष जाईल. दोन जातील. ओळ रिकामी राहील.